चार्टमधला डोंगर

आज संध्याकाळी ताईकडे गेले तर हॉलभर थर्माकोलचा भुगा. भाचा चौथीत आहे, उद्या शाळेत वॉटर सायकलचं मॉडेल द्यायचंय. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता आणि पोरगा खिडकी लावून कापसाचे ढग चिकटवत बसला होता. समोर स्टेशनरीच्या दुकानातला तयार चार्ट. डोंगरमाथ्यावर बर्फ, पायथ्याला ख्रिसमस ट्री. विचारलं, "हा डोंगर कुठला रे?" तर म्हणतो, "चार्टमधला." बरं, जमिनीवर पडलेलं पाणी पुढे कुठं जातं? "समुद्रात. बाण बघ ना मावशी."

तेव्हापासून डोकं तापलंय. पुण्यातल्या पोराला सिंहगड दिसतो, खडकवासल्याचं पाणी नळाला येतं, आणि त्याला जलचक्र शिकवायला बर्फाचा डोंगर?

माझी शाळा माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. आमच्या गुरुजींनी एका सोलाला, म्हणजे जाड दोराला, हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या होत्या, टोकाला दगड. मळ्यातल्या विहिरीवर न्यायचे, स्वतः कठड्याला टेकून एकेकाचा दंड घट्ट धरायचे आणि सोल सोडायला लावायचे. वर ओढला की कोरड्या राहिलेल्या गाठी मोजायच्या. आकडा वर्गाच्या भिंतीवर खडूनं. त्याच्या शेजारी पावसाचा आकडा, अंगणात ठेवलेल्या सरळ डब्यात पट्टी बुडवून घेतलेला.

बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी. आता हे तीन शब्द पाठ झाले की धडा संपला! जमिनीच्या पोटात काय चालतं त्याला चार्टमध्ये एक बारीकसा बाण, तोही असला तर. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या बसाल्टवर बसलाय. पाणी मुरतं ते मुरमातून आणि खडकाच्या फटींतून. ते मुरलं नाही तर फेब्रुवारीतच विहीर तळ दाखवते. आपल्याकडच्या पोराला याहून महत्त्वाचं काय शिकवायचं असतं?

गुरुजींनी ते शिकवलं, आणि कसं! हस्ताचा पाऊस होऊन गेला होता. आभाळ स्वच्छ, डबा कोरडा. आणि विहिरीवर गेलो तर कोरड्या गाठी कमी भरल्या. पाऊस नाही आणि पाणी चढलं? कुणी म्हणालं, रात्री कुणीतरी मोट उलटी चालवली. गुरुजी हसले, पण उत्तर दिलं नाही. आम्हाला आठवडाभर झुरत ठेवलं. मग वरच्या माळावर नेलं. तालीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, आत अजून पाणी तुंबलेलं होतं. खालच्या अंगाला उकरायला लावलं. मुरूम ओलाकच्च. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

शिक्षकांना निवडणुकीपासून ऑनलाइन माहितीपर्यंत सगळ्याला जुंपतात, मान्य. पोरं विहिरीवर नेणं जोखमीचं, तेही मान्य. पण अंगणात डबा ठेवायला काय जोखीम आहे हो?

अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्यानं २०२२ साली आपलं जलचक्राचं चित्र नव्यानं काढलं. शेती, धरणं, शहरं, जमिनीतला उपसा, सगळं त्यात घातलं. भाच्याच्या सोसायटीत मे महिन्यात रोज टँकर येतो. मॉडेलमध्ये टँकर नाही, बोअर नाही, माणूसच नाही.

आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काय कमी आहे? अरबी समुद्रावरचा ढग महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त ओततो, आणि त्याच सातारा जिल्ह्यात आमच्या माणात जेमतेम ५०० च्या आसपास पडतो. महाबळेश्वरात पडलेलं पाणी कृष्णेत उतरतं, आणि पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असताना सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. जेवताना भाच्याला एवढंच सांगितलं, तर घास हातात धरून ऐकत राहिला. "मग आपला पाऊस कुठल्या समुद्रात जातो?" मुठा, मुळा-मुठा, भीमा, कृष्णा असं बोटानं ताटावर काढून दाखवलं. पोरं हुशारच असतात हो. आपणच त्यांच्या हातात कापूस देतो.

तर काम आहे. पुण्याच्या आसपास कुणाच्या शेतात कठड्याची विहीर असेल आणि चार पोरं घेऊन आलेलं चालणार असेल, तर इनबॉक्समध्ये कळवा. एकदा येऊन भागणार नाही, दिवाळीनंतरही दर महिन्याला येऊ, हे आधीच सांगून ठेवते.