उंबराला फुलं येतात, फक्त ती आत असतात

'उंबराला फूल येत नाही. आलंच तर मध्यरात्री, आणि ज्याला दिसेल तो धनवान होतो' असा मेसेज फिरतोय. तो खरा नाही. उंबर म्हणजे फुलांची बंद पिशवीच. कोवळं हिरवं उंबर उभं चिरा, आतून दाटीने चिकटलेली बारीक फुलं दिसतील. भिंग असेल तर उत्तमच. गांधीलमाशीच्या जातकुळीतली चिमुकली मादी टोकाच्या छिद्रातून पराग घेऊन शिरते, आतच अंडी घालते. तिच्या लेकी नवे पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. (आपण नाक मुरडतो ते 'किडे' बहुतेक हेच!) फुलाविना बी धरणारी झाडं आहेत, पण ती देवदार-चीडसारखी: वाऱ्यावर पराग, शंकूच्या खवल्यांवर उघडं बी. कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका. ढकलला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.