शास्त्रीजींचा कागद आधी दाखवा, मग आमच्या म्हाताऱ्यांना हसा

आज गल्लीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, "शास्त्रीजी गेले नाहीत, त्यांना घालवलं." लगेच खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एक शहाणा म्हणाला, "काका, झोपा आता." काकांनी ग्रुप सोडला. ऐंशीच्या पुढचा माणूस! डोकं सणकलंय माझं, म्हणून इथे लिहितेय.

हसणाऱ्यांनो, काय झालं होतं ते तरी माहीत आहे का? 10 जानेवारी 1966 ला तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या ताश्कंदला पंतप्रधान लाल बहादूर शास्त्रींचा पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खानांबरोबर करार झाला आणि त्याच रात्री, 11 तारीख लागल्यावर, शास्त्रीजी गेले. देशाचा पंतप्रधान परमुलखात जातो आणि शवविच्छेदन होत नाही. ना तिथे, ना दिल्लीत. अंग निळं कसं पडलं, हे त्यांच्या पत्नी ललितादेवी विचारत राहिल्या.

माझे आजोबा, आमचे तात्या, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. देशात धान्य कमी होतं. शास्त्रीजींनी 1965 मध्ये सांगितलं, आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा. तात्यांनी सोमवारची रात्र सोडली. सोलापुरात सोमवार सिद्धेश्वराचा, त्यामुळे लोकांना वाटायचं देवाचा उपास. तात्या सांगायचे, "माझा सोमवार शास्त्रींचा." शास्त्रीजी गेल्याची बातमी आली तेव्हा गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, तोंडावर होता. आजी सांगायची, त्या वर्षी तात्या जत्रेतल्या नंदीध्वजांची मिरवणूक बघायलाही बाहेर पडले नाहीत.

हो, शास्त्रीजींना आधी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला होता. त्यानेच गेले असतील. ठीक आहे. मग कागद कशाला लपवता? 2009 मध्ये माहिती अधिकारात विचारलं, तर पंतप्रधान कार्यालय म्हणालं, एक कागद आहे पण देणार नाही, परराष्ट्र संबंध बिघडतील. कुणाशी बिघडणार? सोव्हिएत युनियन 1991 मध्येच मोडलं. ताश्कंद आता उझबेकिस्तानात आहे!

अमेरिकेतही हेच. 1963 मध्ये डॅलसला राष्ट्राध्यक्ष केनेडींना गोळ्या घातल्या, आणि पकडलेला ऑस्वाल्ड दोन दिवसांत पोलिसांच्या गराड्यात मारला गेला. चौकशी करणारा वॉरन आयोग म्हणाला, एकट्या ऑस्वाल्डचं काम. 1979 मध्ये तिथल्याच प्रतिनिधीगृहाची समिती म्हणाली, बहुधा कट असावा. फायली तर 2025 मध्येही निघतच होत्या. मग तिथल्या लोकांनी संशय घेतला तर ते वेडे का? आपल्याकडे 2016 मध्ये नेताजींच्या फायली उघडल्या. कुठलं आभाळ कोसळलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर विषाच्या नावाने जे फिरतं त्यातलं बरंचसं रचलेलं असतं, तेही खरं. पण तात्यांकडे कुठे होता फोन? त्यांना कुणी फॉरवर्ड पाठवला नव्हता. मिलचा भोंगा बंद पडला, दात गेले, तरी सोमवारी रात्री ते फक्त पाणी पिऊन झोपायचे. मी लहान असताना भाकरी पुढे केली की हात आडवा करायचे, रागवायचे नाहीत. पंतप्रधानाच्या एका शब्दावर ज्याने आयुष्यभर घास सोडला, त्याला तो पंतप्रधान कसा गेला हे विचारायचा हक्क नाही?

माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात टाकतेय, तोच कागद मागायला. दहा रुपये फी आहे. नाकारतील, मग अपील करीन. ज्यांना आपल्या नावाने टाकायचा असेल त्यांनी खाली सांगा, मराठी मसुदा तयार आहे, पाठवते.