भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये बंदी येत नाही? येते!

ब्रिटनला शिकायला निघालेल्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. भारतीय लायसन्सवर तिथे नियम मोडल्याचे दंडाचे पॉइंट लागत नाहीत, कोर्ट गाडी चालवायला बंदी घालू शकत नाही, पाहुण्याकडून दंड वसूल होत नाही. शिवाय वर्षभरात भारतात एक चक्कर मारून आलं की भारतीय लायसन्सवर गाडी चालवायची बारा महिन्यांची मुदत पुन्हा नव्याने सुरू. चारही दावे चूक आहेत.

पॉइंट कार्डावर नव्हे, स्वान्सीच्या डीव्हीएलएच्या, म्हणजे तिथल्या लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, दप्तरी चढतात. तुमच्याकडे ब्रिटिश लायसन्स नसेल तर तुमच्या नावाने वेगळी नोंद उघडली जाते. पुढेमागे तिथलं लायसन्स काढलंत की मुदत न संपलेले पॉइंट त्यावर हजर.

बंदीबद्दलचा दावा सर्वांत धोक्याचा, कारण त्यात चिमूटभर सत्य आहे. पुण्याच्या आरटीओने दिलेलं लायसन्स ब्रिटिश कोर्ट रद्द करू शकत नाही, हे खरं. पण बंदी माणसावर येते, कार्डावर नाही. परदेशी लायसन्सवर गाडी चालवायची मुभा तिथल्याच कायद्याने दिलेली आहे, आणि बंदी आली की ती मुभाच जाते. मग खिशात इंटरनॅशनल परमिट असलं तरी उपयोग शून्य. तीन वर्षांत 12 पॉइंट झाले की सहसा किमान सहा महिने, दारू पिऊन चालवल्यास सहसा किमान 12 महिने बंदी. ती मोडणं हा 1988च्या रोड ट्रॅफिक ॲक्टच्या कलम 103खाली गुन्हा आहे. इंग्लंड-वेल्समध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विम्याचं संरक्षण जातं ते वेगळंच.

दंडाचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये खात्रीचा पत्ता नसलेल्या चालकाकडून पोलिस 2009पासून जागेवरच अनामत घेऊ शकतात. भाड्याच्या गाडीचा कॅमेऱ्याने फोटो काढला तर कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवते, वर तुमच्या क्रेडिट कार्डावर स्वतःची फीही लावते!

आता बारा महिने. पर्यटकाची मुदत देशात आल्यापासून मोजतात, पण तिथे राहायला गेलेल्याची रहिवासी झाल्यापासून. दिवाळीला घरी येऊन गेल्याने ती नव्याने सुरू होत नाही. मुदत संपल्यावर लायसन्स बदलूनही मिळत नाही. अदलाबदलीच्या यादीत झिंबाब्वे आहे, भारत नाही. म्हणजे प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स, थिअरी आणि प्रत्यक्ष परीक्षा. तोवर एल पाटी लावायची आणि पात्र चालकाला शेजारी बसवायचं, मग गावी दहा वर्षं स्कॉर्पिओ चालवलेली असो.