‘ही तर कारकुनी झाली’ : हार्डींवरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

समुद्रातले प्लवक नोंदणारं यंत्र बनवणारे ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञ ॲलिस्टर हार्डी, यांच्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. ‘छान लेख’ म्हणून पुढे जाणाऱ्यांपेक्षा असा भांडणारा वाचक मला केव्हाही हवा. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. वर्षानुवर्षं तेच यंत्र समुद्रात ओढून तेच जीव मोजणं ही कारकुनी आहे, संशोधन नव्हे. यंत्रही इतकं ओबडधोबड, की बरेचसे प्राणिप्लवक (पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक प्राणी) त्यातून निसटतात, मग आकड्यांवर भरवसा कसा ठेवायचा? हार्डी पुढे देवाधर्माच्या मागे लागले, ते मी सोयीस्करपणे गाळलं. आणि आता उपग्रह असताना हे सगळं हवं कशाला?

यंत्रापासून सुरुवात करतो. तिथे तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे आणि त्या अर्ध्यातूनच माझं उत्तर निघतं.

हार्डींचा प्लवक नोंदक म्हणजे साधारण मीटरभर लांबीचं, माशासारखं निमुळतं धातूचं खोकं. मालवाहू जहाजाच्या मागे दोरखंडाला बांधून ते ओढायचं. पुढचं तोंड चौकोनी, बाजू जेमतेम सव्वा सेंटिमीटर. पाणी आत शिरतं आणि रेशमी जाळीच्या पट्टीतून गाळून मागे निघून जातं. मागचा पंखा पाण्याच्या जोरावर फिरतो, त्याच्या दातेरी चाकांवर ती पट्टी हळूहळू सरकते. वरून दुसरी पट्टी येऊन बसते, दोन्हींच्या मध्ये प्लवक दाबले जातात आणि गुंडाळी फॉर्मॅलिनच्या टाकीत जाते. ना वीज, ना जहाजावर शास्त्रज्ञ. बंदरात खोकं उतरवलं की प्रयोगशाळेत गुंडाळी उलगडायची आणि १० सागरी मैलांना एक या हिशेबाने रेशमाचे तुकडे करायचे. एका तुकड्यातून सुमारे ३ घनमीटर पाणी गेलेलं असतं. आधी रेशमाचा हिरवेपणा डोळ्यांनी पाहून चारांपैकी एका श्रेणीत टाकायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी.

आता यातल्या उणिवा बघा. जाळीची वीण २७० मायक्रोमीटरची, म्हणजे लहान कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक कवचधारी प्राणी) आणि त्यांच्या अळ्या पुष्कळशा निसटतात. जेलीफिशसारख्या मऊ जिवांचा चेंदामेंदा होतो. खोकं पृष्ठभागाखाली सातेक मीटरवरून जातं, तेव्हा दिवसा खोल जाऊन रात्री वर येणारे प्राणी दिवसाच्या नमुन्यात कमी दिसणारच. मोजणीही ढोबळ आहे : ४ सापडले काय नि ११ सापडले काय, दोन्ही एकाच वर्गात. तुमच्या प्रतिक्रियेत यातले दोन मुद्दे आहेत, उरलेले मीच पुरवले.

तरीही या आकड्यांवर माझा भरवसा आहे, आणि तो ‘किती आहेत’ या प्रश्नासाठी नाही. वजनकाटा दोन किलो कमी दाखवत असला, तरी तो बदलला नाही तर तुमचं वजन वाढतंय की घटतंय हे तो बरोबर सांगतो. या नोंदकाची वीण आणि मोजण्याची रीत दशकानुदशकं जवळपास तशीच ठेवली गेली. हातात दरवर्षी अधिक चांगली उपकरणं येत असताना जुनंच धरून ठेवणं, आणि तेही मुद्दाम, हे कारकुनाला जमत नाही. कारकुनाला साहेबाने नवा नमुना दिला की तो नवा नमुना भरू लागतो!

शिवाय हे यंत्र एका प्रश्नातून आलं होतं. हार्डी १९२१मध्ये इंग्लंडमधल्या लोस्टॉफ्टच्या मत्स्य प्रयोगशाळेत लागले आणि हेरिंग माशांची पोटं फाडून बघू लागले. कोणत्या वयाचा हेरिंग नेमकं काय खातो, याचं १९२४मध्ये त्यांनी जाळ्यासारखं चित्र काढलं; अन्नजाळ्यांच्या सुरुवातीच्या चित्रांपैकी ते एक. पुढच्याच वर्षी ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून ते दक्षिण महासागरात गेले. मोहीम देवमाशांसाठी होती, म्हणजेच त्यांचं खाद्य असलेल्या, कोळंबीसारख्या दिसणाऱ्या क्रिलसाठी. तिथे अडचण अशी, की जहाज थांबवून जाळं सोडलं तर त्या एका जागेचं कळतं. प्लवक तर ढगांसारखे विखुरलेले असतात. दोन थांब्यांच्या मधल्या पट्ट्यात काय आहे ते कोण सांगणार? सलग नोंद घेणारं यंत्र या अडचणीचं उत्तर होतं. पहिला नमुना त्यांनी त्याच मोहिमेत वापरला. मग इंग्लंडमधल्या हल या शहरात प्राध्यापक असताना ते आटोपशीर केलं आणि १९३१पासून उत्तर समुद्रातल्या (नॉर्थ सी) नेहमीच्या व्यापारी जहाजांच्या मागे लावलं. संशोधनाचं स्वतःचं जहाज ठेवायला लागणारा पैसा वाचला, शिवाय तोच मार्ग महिन्यामागून महिने मिळत राहिला. मला विचाराल तर हार्डींची खरी हुशारी यात आहे, यंत्राच्या दातेरी चाकांत नाही.

आता ‘तेच जीव मोजत बसणं’. कॅलॅनस नावाच्या कोपेपॉडच्या दोन जाती घ्या : फिनमार्किकस थंड पाण्याची, हेल्गोलँडिकस तुलनेने उबदार पाण्याची. दोन्ही तांदळाच्या कणीएवढ्या आणि इतक्या सारख्या, की फरक ओळखायला पायांची पाचवी जोडी बघावी लागते. त्या पायाच्या आतल्या कडेला बारीक दाते असतात, ते सरळ ओळीत आहेत की आत वळलेल्या ओळीत, हे बघायचं. एका माणसाने एका दिवशी हे बघितलं तर त्यातून काहीच कळत नाही. हजारो तुकड्यांवर, वर्षानुवर्षं बघितलं तेव्हा दिसलं, की उत्तर समुद्रात पहिली जात मागे हटते आहे आणि दुसरी तिची जागा घेते आहे. ईशान्य अटलांटिकमध्ये उबदार पाण्यातले कोपेपॉड चाळीसेक वर्षांत सुमारे १० अक्षांश उत्तरेला सरकल्याचा निष्कर्ष २००२मध्ये याच नोंदींवरून निघाला.

याने माणसाचं काय बिघडतं? कॉड माशाची पिल्लं वसंतात अंड्यांतून निघतात आणि त्यांना तेव्हाच कोपेपॉड लागतात. फिनमार्किकसचा भर वसंतात असतो, हेल्गोलँडिकसचा बराच उशिरा. पिल्लांच्या भुकेच्या वेळी ताट रिकामं. उत्तर समुद्रातल्या कॉडच्या घसरणीत बेसुमार मासेमारीचा वाटा मोठा आहेच, पण पिल्लं जगण्याचं प्रमाण का घटलं याचा एक धागा या पायांच्या दात्यांपर्यंत येतो.

आणखी एक गोष्ट, जी कोणीच ठरवलेली नव्हती. २००४मध्ये काही संशोधकांनी साठवलेले जुने रेशमी तुकडे पुन्हा काढले आणि त्यांवर प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू शोधले. साठच्या दशकापासूनच्या नमुन्यांत ते सापडले, आणि पुढच्या दशकांत वाढत गेलेले दिसले. एवढंच काय, नोंदक कशात अडकला याच्या टिपणांतही १९५७मध्ये मासेमारीच्या जाळ्याची प्लॅस्टिक दोरी आणि १९६५मध्ये प्लॅस्टिकची पिशवी नोंदलेली आहे. ‘काय अडकलं’ हे लिहून ठेवणारा तो कोणी अनाम माणूस तुमच्या व्याख्येने कारकूनच. असे कारकून मला आणखी चालतील.

हे सगळं ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद पडायच्या बेतात होतं, हेही सांगायला हवं. निधी काढून घेणाऱ्यांचा युक्तिवाद तुमच्यासारखाच होता : नुसतं मोजत राहण्यात नवं काय? नेमकी त्याच सुमारास उत्तर समुद्राची प्लवक-व्यवस्था पालटत होती. १९९०मध्ये हार्डींच्या नावाने स्वतंत्र न्यास उभा राहिला म्हणून मालिका तुटली नाही.

धर्माबद्दल थोडक्यात. हो, निवृत्तीनंतर १९६९मध्ये हार्डींनी ऑक्सफर्डमध्ये धार्मिक अनुभवांचा अभ्यास करणारा विभाग काढला. त्याआधी १९६०मध्ये माणसाचे पूर्वज काही काळ पाण्यात राहत असावेत, अशीही कल्पना मांडली. ती मला अजिबात पटत नाही. माझा लेख प्लवकांवर होता म्हणून यातलं काही आलं नाही. हार्डींवर टीकाच करायची तर प्लवकांतच चांगली जागा होती, तुमची नजर तिथे गेली नाही याचं नवल वाटतं. दक्षिण महासागरात त्यांना दिसलं, की वनस्पतिप्लवक दाट तिथे प्राणी विरळ. प्राणी दाट हिरवं पाणी टाळतात, असा अर्थ त्यांनी लावला. प्राण्यांनीच चरून ती वनस्पती फस्त केली म्हणून जिथे प्राणी तिथे हिरवं कमी, हा दुसऱ्यांनी लावलेला सरळ अर्थ पुढे अधिक टिकला. यंत्र टिकलं, त्यावरचा सिद्धान्त तेवढा टिकला नाही.

उरले उपग्रह. त्यांना समुद्राचा रंग दिसतो, म्हणजे वरच्या थरातलं हरितद्रव्य, तेही ढग नसतील तर. वनस्पतिप्लवकांसाठी ते अप्रतिम आहे. पण पाण्यातला कोपेपॉड कोणत्या जातीचा, हे पायाचे दाते बघितल्याशिवाय त्यांना सांगता येणार नाही. पाण्यात सापडणाऱ्या डीएनएवरून जाती ओळखण्याचं तंत्र आता आलं आहे आणि तुमचा आक्षेप तिथून आला असता तर मला जास्त विचार करावा लागला असता : जात कळते, पण संख्या आणि वय नीट कळत नाही, आणि जुन्या मालिकेला ते जोडायचं कसं हा प्रश्न राहतोच. त्यावर तुमचं काही वाचन असेल तर जरूर लिहा, पुढचा लेख मी त्यावरच घेतो आहे.