सव्वा किलोचा लॅपटॉप, निम्मी किंमत आणि तो फॉरवर्ड

सेल लागला की ठाण्यापासून बेलापूरपर्यंतच्या सोसायटी ग्रुपांवर एकाच धाटणीचा फॉरवर्ड फिरायला लागतो: ‘६८,०००चा लॅपटॉप ३४,०००ला! वजन फक्त सव्वा किलो, ट्रेनवाल्यांसाठी बेस्ट. रायझन ५, तोही ७००० सिरीजचा. रॅम ८ जीबी, नंतर वाढवता येते. बॅटरी १२ तास. डोळे झाकून घ्या.’ यातलं वजन बहुतेक वेळा खरं असतं. बाकीचं एकेक करून पाहू.

‘निम्म्या किमतीत.’ खोक्यावरच्या एमआरपीला नवा लॅपटॉप सहसा कुणी विकत नाही, त्यामुळे तिच्यावरून मोजलेली सूट कागदावरचीच. नेमका मॉडेल नंबर घ्या आणि त्याचा गेल्या तीन-चार महिन्यांतला भाव बघा. शिवाय ३४,०००मध्ये ठरावीक बँकेच्या कार्डाची सूट आणि जुन्या लॅपटॉपचं एक्स्चेंज धरलेलं असतं. ते वगळून आकडा काढा. नो-कॉस्ट ईएमआयमध्येही व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बऱ्याचदा आपल्याच माथी येते.

‘रायझन ५, ७००० सिरीज.’ रायझन हा एएमडी कंपनीचा प्रोसेसर, आणि या भावात बहुधा त्यातला ७५२०यू असतो. या सिरीजमध्ये पहिला आकडा वर्ष सांगतो आणि तिसरा आकडा आतली रचना. ७५२०यूमधला २ म्हणजे झेन २ (एएमडीच्या रचनेच्या पिढीचं नाव), अर्थात २०१९ची रचना, ४ कोर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग. ७५३०यूमध्ये झेन ३ आणि ६ कोर. वर्ड, टॅली, झूम, मुलांचा अभ्यास एवढ्याला ७५२०यू चालतो, उगाच नावं ठेवायला नकोत. अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हिडिओ एडिटिंग डोक्यात असेल तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नका.

‘रॅम नंतर वाढवता येते.’ सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. ७५२०यू फक्त एलपीडीडीआर५ रॅमवर चालतो, आणि लॅपटॉपमध्ये ही रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असते. स्लॉटच नाही, तर वाढवणार कुठे? इतर प्रोसेसरच्या बारीक लॅपटॉपमध्येही बहुतेक हीच गत, कारण स्लॉट काढला की जाडी कमी होते आणि वीजही कमी लागते. वजन कमी केलंय ते असंच.

खात्री करणं सोपं आहे. स्पेसिफिकेशनमध्ये ‘एलपीडीडीआर’, ‘ऑनबोर्ड’ किंवा ‘सोल्डर्ड’ दिसलं की विषय संपला. दुकानात मशीन समोर असेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, आणि खाली ‘फॉर्म फॅक्टर’ वाचा. ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर रॅम चिकटलेली, ‘एसओडीआयएमएम’ असेल तर स्लॉटातली. काही मॉडेलांत थोडी रॅम बोर्डावर आणि एक स्लॉट रिकामा असतो. या भावात तसं मिळालं तर सोडू नका. तिथेच ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ हाही आकडा बघा. ८ जीबीमधला काही भाग ग्राफिक्ससाठी आधीच राखलेला असतो. उरलेल्यात विंडोज ११, वीसेक टॅब आणि टीम्सचा कॉल बसवला की रॅम भरते, मग मशीन एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवायच्या ड्राइव्हवर, लिहा-वाचायला लागतं आणि कर्सर अडखळतो. चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर आजच १६ जीबीचा घ्या, पैसे थोडे जास्त गेले तरी.

एसएसडी मात्र बहुतेक ठिकाणी बदलता येते. फक्त आत ४२ मिलिमीटरची बसते की ८० मिलिमीटरची, हे आधी बघा. एसएसडीऐवजी ‘ईएमएमसी’ ही स्वस्तातली साठवणुकीची चिप लिहिली असेल तर तीही सोल्डर केलेलीच.

‘बॅटरी १२ तास.’ हा आकडा साधारणपणे ब्राइटनेस उतरवून, व्हिडिओ लावून काढलेला असतो. तुम्ही वॉट-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा, बघा. स्वस्त हलक्या मॉडेलांत ते ४०च्या आसपास असतात. ब्राउझर, वायफाय आणि ठीकठाक ब्राइटनेस धरून मशीन ७ वॉट खात असेल तर ४२ भागिले ७, म्हणजे सहा तास. व्हिडिओ कॉलवर त्याहून कमी.

‘ट्रेनवाल्यांसाठी बेस्ट.’ अर्धं खरं. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने जाणाऱ्याच्या खांद्याला चारशे ग्रॅमचा फरक नक्की कळतो. पण चार्जर गोल पिनचा असेल तर तोच सोबत न्यावा लागतो आणि वाचवलेल्या वजनातला मोठा वाटा तिथेच परत येतो. टाइप-सी पोर्टवरून चार्जिंग होतं का, हे विचारून घ्या. नुसतं पोर्ट असलं म्हणजे चार्जिंग होतंच असं नाही.

दुसरं म्हणजे गर्दीचा दाब. बारीक झाकण वाकतं आणि मागून चार्जरचा ठोकळा किंवा डबा रुतला की पॅनल तडकतं. हे वॉरंटीत येत नाही. त्यासाठी अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. बॅग पुढे लटकवत असाल तर लॅपटॉप पाठीकडच्या गादीच्या कप्प्यात, झाकण आपल्या अंगाकडे करून ठेवा. डबा आणि छत्री दुसऱ्या कप्प्यात.

कीबोर्डचंही बघा. बऱ्याच हलक्या मॉडेलांत तो वरच्या प्लेटला रिव्हेटने ठोकलेला असतो. चहा सांडला तर अख्खी प्लेट बदलावी लागते.

‘डोळे झाकून घ्या.’ ऑर्डर करतानाच जीएसटी नंबर टाका, धंद्यासाठी घेत असाल तर. नंतर बिल बदलून घेणं डोकेदुखी असते. खोकं उघडताना व्हिडिओ काढा. खोक्यावरचा आणि मशीनखालचा सीरियल नंबर जुळतोय का बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’, एक स्पेस, स्लॅश आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा. रिपोर्टमधल्या ‘डिझाइन कपॅसिटी’पेक्षा ‘फुल चार्ज कपॅसिटी’ बरीच कमी आणि ‘सायकल काउंट’ (बॅटरी किती वेळा वापरून चार्ज झाली तो आकडा) पन्नासच्या वर असेल, तर ते मशीन नवं नाही, बदलून मागा. मग कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा. ती अनेकदा कारखान्यातून माल निघाला त्या तारखेपासून धरलेली असते आणि सेलमध्ये गोदामात पडून राहिलेला माल जास्त असतो. बिल अपलोड केलं की सहसा तारीख दुरुस्त करून मिळते. बदलून देण्याची मुदत बहुतेक सात दिवसांचीच असते, तेव्हा हे सगळं पहिल्या संध्याकाळीच उरका.