टेस्टेड ओके म्हणे!

चार मिनिटं! गुरुवारी रात्री ९:१२ ला मेल टाकली : आपल्या मेनफ्रेम या अवाढव्य कॉम्प्युटरच्या टेस्ट एलपारवर (चाचणीसाठी वेगळ्या काढलेल्या भागावर) नवा आरएसयू (आयबीएमच्या दुरुस्त्यांचा गठ्ठा) चढवलाय, आयपीएल (रीबूट) झालाय, आपापले जॉब चालवून बघा आणि कळवा. ९:१६ ला उत्तर हजर. 'टेस्टेड ओके.' पुढे अंगठा. अहो, या गृहस्थांना चार मिनिटांत टीएसओला लॉगऑनसुद्धा होता येत नाही, दर वेळी पासवर्ड संपलेला असतो. आणि यांनी म्हणे अख्खी रात्रीची बॅच (ओळीनं चालणारे सगळे जॉब) तपासली.

हेच गृहस्थ रविवारी कॉलवर, बत्तीस माणसांदेखत, मला विचारतात, "हे टेस्ट केलं नव्हतं का?"

मी म्यूटवर होतो म्हणून बरं. नाहीतर सांगलीत विश्रामबागेतून हरिपूरपर्यंत ऐकू गेलं असतं.

रविवार सकाळ साडेनऊ, म्हणजे तिकडची, अमेरिकेतली, शनिवारची मध्यरात्र. यांची विंडो (बदल करायला दिलेली वेळ) कायम माझ्याच नाश्त्यावर येऊन पडते. प्रॉडवर, म्हणजे खऱ्या कामाच्या सिस्टिमवर, नव्या सिसरेसवरून (सिस्टिमच्या डिस्कवरून) आयपीएल केला. जेस-टू (जॉब आत घेणारा) वर, डीबी-टू (डेटाबेस) वर, सीआयसीएस (व्यवहार चालवणारा) वर, कन्सोलवर एक लाल ओळ नाही. आईनं पोहे आणून ठेवले. दोन घास पोटात गेले आणि बॅच सुरू झाली. सुरू कसली, प्रत्येक जॉब दारातूनच माघारी. 'अकाउंट नंबर चुकीचा.' पहिला, दुसरा, चाळिसावा, सगळ्यांना तेच. अरे, वर्षानुवर्षं तेच नंबर आहेत! एखादा ०सी४ (प्रोग्राम आपटल्याचा कोड) तरी यावा, माणूस मेमरीचा डंप उघडून बसतो, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. इथं सिस्टिम ठणठणीत आणि जॉब एकही आत घेत नाही. मांडव घातलाय, आचारी आलाय, वाजंत्री वाजतायत आणि पाहुण्यांना दारावरच सांगायचं, तुमची पत्रिका चुकीची आहे, घरी जा.

कारण काय, तर जेस-टूची तीन नंबरची एक्झिट (आपल्याकडून जोडलेला कोडचा तुकडा). नव्वदच्या दशकात कुणा महात्म्यानं असेम्बलरमध्ये लिहून ठेवलेली, जॉब कार्डावरचा अकाउंट नंबर तपासणारी. आरएसयूमधल्या एका पीटीएफनं (दुरुस्तीनं) जेस-टूचा एक कंट्रोल ब्लॉक (माहितीचा तक्ता) वाढवला, त्यातलं फील्ड आठ बाइट पुढं सरकलं आणि ही बिचारी जुन्याच जागी चाचपडत बसली. पुन्हा असेम्बल केली असती तर विषय संपला होता. मग टेस्टवर का नाही सापडलं? कारण टेस्टच्या पॅरममध्ये (सेटिंगमध्ये) ही एक्झिट कुणीतरी कधीकाळी कॉमेंट करून, म्हणजे बंद करून, ठेवलीय. टेस्टवाल्यांना म्हणे अकाउंट नंबर टाकायचा कंटाळा. म्हणजे त्या चारमिनिट्यानं चार दिवस घासून टेस्ट केलं असतं तरी हे दिसलं नसतं. हे लक्षात आल्यावर तर माझं डोकं आणखीच फिरलं, कारण त्याच्यावर धड चिडताही येईना.

एका कमांडनं एक्झिट बंद केली, बॅच पळायला लागली. दुरुस्तीला दोन मिनिटं, कॉल चार तास.

आता खरं सांगतो. अप्लाय चेकच्या (दुरुस्त्या चढवण्याआधीच्या तपासणीच्या) रिपोर्टात त्या पीटीएफवर होल्ड (आधी हे बघा, असा थांबा) होता. होल्डचं कारणच 'एक्झिट'. आणि मी काय केलं? तुम्ही सगळे करता तेच. बायपास. पण वाचलं होतं हो, डायरीत टिपूनही ठेवलं होतं! रविवारी दुपारी पान उघडलं तर माझ्याच अक्षरात : 'एक्झिट ३ असेम्बल'. त्याखाली : भडंग पाव किलो, हळद, गाडीचं पंक्चर. खालच्या तिन्हींवर टिक आहे.

तर अर्धी चूक माझी, घ्या. बाकीच्या अर्ध्याचं काय? त्या टेस्ट एलपारला टेस्ट का म्हणायचं तेच मला कळत नाही. एक्झिट बंद, पॅरमलिब वेगळं, निम्म्या प्रॉडक्टचं लायसन्सच नाही, डेटा कुठल्या जमान्यातला कुणास ठाऊक. सीआयसीएसचा एक रीजन, त्यात दिवसाला दोन ट्रान्झॅक्शन, तीही मीच मारलेली. प्रॉडला सिस्प्लेक्स (एकत्र जोडून चालणाऱ्या अनेक सिस्टिम) आहे, म्हणून म्हटलं, एकेक सिस्टिम आयपीएल करू, आठवडाभर बघू, मग पुढची. तर नाही! विंडो तीन महिन्यांतून एकदाच, सगळं एका रात्रीत उरका. मग सिस्प्लेक्स काय हळदीकुंकवाला घेतलाय?

आणि आमच्या मॅनेजरसाहेबांचं पेटंट वाक्य : "आयबीएमनं टेस्ट केलेलंच असतं ना?" असतं की. सीएसटीमध्ये (त्यांच्या एकत्रित चाचणीत) झेडओएस, सीआयसीएस, डीबी-टू, आयएमएस, एमक्यू सगळं एकत्र रगडून बघतात, म्हणून तर सुटे पीटीएफ वेचण्यापेक्षा आपण आरएसयू घेतो. पण त्यांच्या लॅबमध्ये आमची एक्झिट तीन आहे का? सांगलीत हे कुणाला समजावावं लागत नाही. २०१९ च्या पुरानंतर पाऊस लागला की माणूस आयर्विन पुलावर जाऊन पाणी स्वतः बघून येतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, पोराटोरांना पाठ. 'कोयनेचा विसर्ग कमी आहे, टेस्टेड ओके' असा मेसेज आला म्हणून कुणी वर चढवलेला फ्रीज खाली आणत नाही.

त्यात कॉल ऐन रंगात असताना शेजारचे काका प्रिंटर घेऊन दारात. "तू कॉम्प्युटरमध्येच आहेस ना रे?" आणि क्लाउडवाला एक पोरगा चॅटवर विचारतो, "सर, मेनफ्रेम अजून चालतं?" चालतं बाळा. सिस्टिम ३६० आली १९६४ ला, तिचे प्रोग्राम अजून चालतात. तुझं ॲप मंगळवारी दोनदा झोपलं होतं.

सोमवारी आरसीएचा (मूळ कारण नोंदवायचा) फॉर्म आला. 'ह्यूमन एरर' आधीच निवडून ठेवलेलं. ॲक्शन आयटम : टेस्टिंग प्रोसेस मजबूत करणे. ओनर : मी. बजेट मागितलं, त्यावर कुणी ब्र काढला नाही. निदान टेस्टवर ती एक्झिट तरी चालू करू द्या म्हटलं, त्याला परवानगी मिळाली. काल संध्याकाळी ६:०५ ला चालू केली.

६:०९ ला त्याच गृहस्थांचा मेसेज : "टेस्टवर माझे जॉब चालत नाहीत, अकाउंट नंबर चुकीचा म्हणतंय. अर्जंट आहे. ते नवीन काय लावलंय ते काढता का प्लीज?"