ट्रेलर आधी वजनकाट्यावर न्या, मग फ्लोरिडाला

आमच्या डेट्रॉईटच्या बाजूला ओळखीतल्या दोन जोडप्यांनी यंदा उन्हाळ्यात ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर) घेतले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघंही पहिल्यांदाच फ्लोरिडाला निघतायत. गेल्या चार दिवसांत त्यांचे चार फोन आले. "वहिनी, तांदूळ किती घेऊ?" "मिक्सर न्यायचा की तिकडे घ्यायचा?" "लोणच्याच्या बरण्या फुटत नाहीत ना?" सगळ्यांची उत्तरं दिली. पण ट्रेलर भरून किती जड झालाय, आणि ते वजन कुठे बसलंय, हे एकानेही विचारलं नाही. रात्रभर तेच डोक्यात राहिलं, म्हणून लिहितेय. आमची ही सातवी खेप.

पहिल्या खेपेला सामान मी लावलं होतं. आमच्या ट्रेलरमध्ये स्वयंपाकघर अगदी मागच्या टोकाला आहे, त्यामुळे खाण्यापिण्याचं सगळं तिथेच गेलं. वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या दोन पिशव्या, आटा, ओला ग्राइंडर, बिडाचे तवे, स्टीलचे डबे, पिण्याच्या पाण्याचे चार खोके. मागच्या बंपरवर दोन सायकली. घर लागल्यासारखं सुरेख दिसत होतं. लेक्सिंग्टन सोडून केंटकीतल्या लंडन गावाच्या अलीकडे एक उतार आला, शेजारून मोठा ट्रक गेला आणि मागचा ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर वेळी जास्त. ह्यांनी गाडीचा ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंगशी झटापट केली नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडीत बसून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात त्या ब्रेक कंट्रोलरची खिट्टी हाताने दाबून धरली. ट्रेलर सरळ झाला. पुढच्या एक्झिटला आम्ही थांबलो, आणि बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

त्याच दिवशी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर गाडी घातली. हा ट्रकवाल्यांचा वजनकाटा, हायवेवर जागोजागी असतो, पैसेही फार पडत नाहीत. गाडीचा पुढचा ॲक्सल (चाकांचा आस), मागचा ॲक्सल आणि ट्रेलर अशी वेगवेगळी वजनं छापलेली चिठ्ठी हातात मिळते. मग ट्रेलर बाजूला सोडून तो ओढणाऱ्या नुसत्या पिकअपचं वजन केलं. दोन चिठ्ठ्यांची वजाबाकी केली की ट्रेलरचं एकूण वजन कळतं आणि त्यातलं हिचवर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडतो त्या सांध्यावर, किती येतं तेही. आमचा ट्रेलर ६,२०० पौंड निघाला. कंपनीची मर्यादा ६,८००. म्हणजे वजन मर्यादेत होतं! पण हिचवर जेमतेम ४२०, सात टक्केही नाही. ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. मागचं टोक जड झालं की पुढचं नाक उचललं जातं, आणि वाऱ्याच्या एका धक्क्याने ट्रेलर लंबकासारखा झुलायला लागतो. ट्रेलर विकणाऱ्याने आम्हाला सांगितलं होतं, वजन वाटून देणारं महागातलं हिच घ्या, मग काळजी नाही. हिच चांगलंच आहे, आमच्याकडे तेच होतं. पण चुकीचं भरलेलं सामान ते सरळ करून देत नाही.

मग त्या पार्किंगमध्येच सामान हलवलं. तांदूळ, आटा आणि ग्राइंडर पुढच्या पलंगाखाली, तवे चाकांच्या बरोबर वर, सायकली पिकअपमध्ये, पाण्याचे तीन खोके तिथल्याच एका कुटुंबाला दिले. पुन्हा काट्यावर गेलो तर हिचवर ७४० पौंड. पुढचा जेलिकोचा घाट आम्ही रेडिओ लावून उतरलो. (हिचवरचं वजन वाढलं की ते पिकअपच्या अंगावर येतं. तिच्या दारावरच्या लेबलावर माणसं आणि सामान मिळून किती चालतं ते लिहिलेलं असतं, तेही बघाच.)

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शेवटच्या दोन दिवसांत ट्रेलरमध्ये काही भरू नका. त्या दोन दिवसांत उतरवा. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट न्या, त्यांना वजन नाही. तांदूळ-आटा कशाला? वाटेत अटलांटाजवळ डिकेटरला मोठा भारतीय बाजार आहे, टॅम्पा आणि ऑर्लँडोलाही सगळं मिळतं.

पाण्याची टाकी रिकामीच ठेवा. एक गॅलन पाणी म्हणजे ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली तर एका अख्ख्या गड्याएवढं नव्हे, दोघांएवढं वजन झालं. शिवाय थंडीसाठी नळ्यांमध्ये भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ घाईने काढलंत, तर केंटकी-टेनेसीच्या रात्रींत पाणी गोठून नळ्या फुटतील. आम्ही थेट फ्लोरिडात शिरल्यावर नळ्या धुतो, मग टाकीत दर १५ गॅलनला पाव कप ब्लीच घालून ती निर्जंतुक करतो. तोवर प्यायला दोन कॅन आणि बाकी सगळं रेस्ट एरियावर.

टायरांची जाडी बघून समाधान मानू नका. ट्रेलरचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. टायरच्या बाजूला 'डॉट' (DOT) अशी अक्षरं असतात, त्यांच्या पुढचे शेवटचे चार आकडे वाचा: १८२० म्हणजे २०२० सालचा अठरावा आठवडा. निघायच्या दिवशी सकाळी, टायर गार असताना हवा भरा. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरलं की हवेचा दाब साधारण एक पीएसआयने (दाबाचं माप) कमी होतो, म्हणजे ऑक्टोबरात भरलेली हवा आता पुरेशी नाही. चाकं काढून बसवली असतील तर टोलेडोच्या आसपास, म्हणजे निघाल्यावर तासाभरात, थांबून नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) पुन्हा आवळा.

आणि तारीख. फ्लोरिडाच्या स्टेट पार्कमध्ये बाहेरच्या राज्यातल्या लोकांना दहा महिने आधी बुकिंग करता येतं, आणि चांगल्या जागा तेव्हाच जातात. इतकं आधी मिळालेलं बुकिंग सोडवत नाही, मला कळतं. तरीही सकाळी बर्फाळ पाऊस असेल तर निघू नका. पहिल्या रात्रीचे पैसे जाऊ द्या, पण पार्कला फोन करून उशिरा येतोय म्हणून सांगा, नाहीतर जागा दुसऱ्याला देतील. गेल्या वर्षी आम्ही दोन दिवस घरीच थांबलो. मुलांना वाटलं आई उगाच घाबरते. वाटू दे.

आईचा बिडाचा तवा मात्र याही वर्षी येतोय. साडेसहा पौंड, चाकांच्या वर, टॉवेलमध्ये गुंडाळून. त्याच्या बदल्यात ग्राइंडर घरी राहिला.

येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता आम्ही ट्रेलर पूर्ण भरून काट्यावर नेतोय. दोन्ही जोडप्यांनी आपापले ट्रेलर निघताना भरतात तसेच भरून आणा, सायकली आणि बरण्यांसकट. कुठला ट्रक स्टॉप ते मेसेज करते. चहाचा थर्मास माझ्याकडे.